चॉटनची पुस्तकभिशी

पुण्याहून निघताना माझ्याजवळ दोन बॅगा आणि एक पर्स होती. बॅगांत मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, दोन किलो चिवडा अशी, विलायतेत लेक असलेल्या कुठल्याही आईच्या बॅगेत सापडेल ती सामग्री होती. पर्समध्ये मात्र एक पाकीट होते, आणि खरे सांगायचे तर त्या पाकिटासाठीच मी दहा तास विमानात गुडघे आखडून बसायला तयार झाले होते. पाकिटात एका मुलाचा फोटो, पत्रिका आणि त्याच्या आईने वळणदार अक्षरात लिहिलेली माहिती होती. मुलगा स्लाउला नोकरीला, उंची पाच फूट दहा इंच, निर्व्यसनी. माझ्या लेकीला तेहतिसावे सरत आले होते.

"हल्ली फोटो मोबाइलवर पाठवतात," हे म्हणाले.

"मोबाइलवर पाठवला की ती पुसून टाकते. हातात दिला म्हणजे निदान पाहावा तरी लागेल."

यावर ह्यांनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरले. आमच्या घरी लग्नाच्या बोलण्याचा शेवट नेहमी असाच होतो.

मुलगी राहते ऑल्टनला. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनावरून गाडी धरली की सुमारे सव्वा तासाने हे गाव येते. लंडनची गाडी इथे संपते आणि पलीकडच्या फलाटावरून हौशी मंडळींनी जपलेली वाफेची गाडी सुटते. हॅम्पशायर परगण्यातले हे जुने बाजाराचे गाव. मी गेले ते मार्च २०२५ मध्ये. झाडांना पाने नव्हती, पण रस्त्याकडेच्या गवतात पिवळी डॅफोडिल्स डोलत होती. थंडी मात्र अशी, की मी स्वयंपाकघरातसुद्धा कानटोपी घालून वावरत होते.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, शुक्रवारी माझी पाळी आहे. सहाजण येतील."

"कसली पाळी?"

"बुक क्लबची. दर महिन्याला एक पुस्तक वाचायचं आणि एकाच्या घरी जमून त्यावर बोलायचं. थोडं खायचं, थोडं प्यायचं."

"म्हणजे पुस्तकांची भिशी!"

ती हसली, पण शुक्रवारपर्यंत तिच्याही तोंडी तोच शब्द बसला. या खेपेचे पुस्तक होते जेन ऑस्टिनचे 'प्राइड अँड प्रेज्युडिस'. लेखिकेचा जन्म १६ डिसेंबर १७७५ चा, म्हणजे हे तिचे अडीचशेवे वर्ष. त्यात ती याच परगण्यातली. तिने शेवटची आठ वर्षे जिथे काढली ते चॉटन गाव ऑल्टनपासून जेमतेम दीड मैलावर. तेव्हा दुसरे पुस्तक निवडले असते तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

आता माझी एक जुनी चोरी इथे कबूल करते. १९८३ साली बी. ए. ला ही कादंबरी मला नेमलेली होती. ती न वाचता, केवळ गाइडच्या बळावर मी चोपन्न गुण मिळवले होते. पुढे १९८५ साली दूरदर्शनवर 'तृष्णा' नावाची हिंदी मालिका लागली, ती याच कादंबरीवरची. तेव्हा कुठे गोष्ट नीट कळली. मुलीला मात्र लहानपणापासून मी "आमच्या वेळी आम्ही अशी पुस्तकं कोळून प्यायलो" असे ऐकवत आले होते. आता शुक्रवारच्या आत ते कोळून पिणे भाग होते. तीन दिवस मी खिडकीशी रजई घेऊन बसले आणि चाळीस वर्षांपूर्वीचा अभ्यास पुरा केला.

बुधवारी मुलीने रजा घेतली आणि आम्ही दोघी चालत चॉटनला गेलो. जेनही याच वाटेने खरेदीसाठी ऑल्टनला चालत येई. वाट मोठी निसर्गरम्य वगैरे आहे असे नाही. रेल्वेचा पूल लागतो, मोटारींचा रस्ता लागतो. पण चॉटनमध्ये शिरले की आवाज एकदम मागे पडतो. गवताने शाकारलेली दोन-चार घरे, एक खानावळ, आणि समोर रस्त्याच्या कोपऱ्यावर लाल विटांचे दुमजली घर. आपल्याकडे एखाद्या बऱ्यापैकी वतनदाराच्या कारभाऱ्याचे असावे तेवढेच. घर भावाचे. हा भाऊ एडवर्ड श्रीमंत नातलगांना दत्तक गेला होता. त्याने जुलै १८०९ मध्ये विधवा आईला आणि दोन बिनलग्नाच्या बहिणींना इथे राहायला जागा दिली. सोबत मार्था लॉइड नावाची एक मैत्रीणही राही. चार बायका आणि एक घर. वडील १८०५ मध्ये बाथला वारले, तेव्हापासून या मंडळींनी चार वर्षे या बिऱ्हाडातून त्या बिऱ्हाडात काढली होती.

आत गेल्यावर मी जी वस्तू पाहायला आले होते ती मला आधी दिसलीच नाही. जेवणाच्या खोलीत खिडकीजवळ अक्रोडाच्या लाकडाचे एक बारा कोनांचे टेबल आहे. टेबल कसले, आपल्याकडे हळदीकुंकवाचे तबक ठेवायला घेतात तेवढे तिवईवजा फळकुट! त्यावर ही बाई कागदाचे लहान लहान तुकडे ठेवून लिही. या खोलीच्या एका दाराची कुरकुर तिने दुरुस्त करू दिली नाही, असे तिच्या घरचे सांगत. कोणी आले की दार वाजे आणि कागद झाकायला वेळ मिळे. सकाळी लवकर उठून ती पियानो वाजवी, नऊ वाजता सर्वांची न्याहारी तयार करी, आणि चहा-साखरेच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असे. बाकीचा प्रपंच थोरली बहीण कॅसँड्रा आणि मार्था ओढत. म्हणून पुस्तके झाली.

ही कादंबरी तिने एकविसाव्या वर्षी, १७९६-९७ मध्ये, वेगळ्या नावाने लिहून काढली होती. वडिलांनी लंडनच्या एका प्रकाशकाला विचारले, तर त्याने उलटटपाली नकार कळवला. सोळा वर्षांनी, २८ जानेवारी १८१३ ला, ती छापून निघाली. हक्काचे दीडशे पौंड मिळावेत अशी तिची इच्छा होती, मिळाले एकशेदहा. पुस्तकावर तिचे नाव नव्हते. आज इंग्लंडच्या दहा पौंडांच्या नोटेवर तिचे चित्र आहे. २०१७ मध्ये ते आले. घरासमोर चहा प्यायलो तेव्हा मी तीच नोट पुढे केली आणि मोड परत घेताना उगाच ओशाळले.

पण मला त्या घरात जी गोष्ट चिकटली ती वेगळीच. घर दाखवणाऱ्या एका वयस्क बाईंनी ती सांगितली, आणि पुढे मी मुलीकडच्या पत्रसंग्रहातही वाचली. पुस्तकाची पहिली प्रत लंडनहून चॉटनला आली ती बुधवारी, २७ जानेवारीला. त्याच दिवशी गावातली मिस बेन जेवायला आली होती. ही एक बिनलग्नाची गरीब बाई. भाऊ शेजारच्या गावात धर्मोपदेशक, पण त्याचा संसार मोठा. ही चॉटनमध्ये एका पडक्या भाड्याच्या घरात एकटी राही. तिच्याजवळचा फरचा गळपट्टा पार झिजला होता. मार्थाच्या मनात तिला शाल द्यायचे होते, तेव्हा जेनने कळवले की फार भारी घेऊ नकोस, नाहीतर ती वापरायचीच नाही.

तर त्या रात्री जेवणे झाल्यावर मायलेकींनी ते पुस्तक काढले आणि मिस बेनला मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. पहिल्या खंडाचा अर्धा भाग वाचला. पुस्तक कोणाचे ते सांगितले नाही. असे काही निघणार असे कळले म्हणून मागवून घेतले, एवढीच थाप मारली. मिस बेन खूश होऊन ऐकत राहिली, एलिझाबेथ तर तिला फारच आवडली, आणि ती जिने निर्माण केली ती बाई शेजारी बसून हे सारे पाहत होती. दुसऱ्या खेपेला रंग जरा कमी भरला. जेनने बहिणीला कळवले की आई फार भरभर वाचते; पात्रे तिला उत्तम समजतात, पण त्यांनी बोलावे तसे तिला बोलता येत नाही.

"बघ," मुलगी म्हणाली, "या पुस्तकाची पहिली भिशी इथेच झाली."

मी हो म्हटले, पण माझे लक्ष दुसऱ्या शब्दाकडे होते. त्या पत्रात जेनने मिस बेनबद्दल जो शब्द वापरला आहे त्याला मराठीत 'बिचारी' याहून नेमका शब्द नाही. आणि तो लिहिणारी स्वतः सदतीस वर्षांची, बिनलग्नाची, भावाच्या घरात राहणारी.

आमच्या पुण्याच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. एकट्या. गेली वीस वर्षे त्यांचा विषय निघाला की मी "बिचाऱ्या" म्हणते आणि पुढच्या विषयाकडे वळते. संक्रांतीचे तिळगूळ मुलाच्या हातून वर पाठवते. लेकीचे तिसावे उलटल्यापासून मला रात्री झोप लागत नाही ती या एका शब्दापायी. उद्या आपण नसू, आणि कोणी तरी आपल्या मुलीला बिचारी म्हणेल!

परतताना गाडी नव्हती, म्हणून बोलायला वेळ होता. मी सहज विचारल्यासारखे केले, "हिला कधी कुणी मागणी घातलीच नाही का गं?"

"घातली की. माझ्या ऑफिसच्या वाटेवर, बेसिंगस्टोकजवळ, मॅनिडाउन नावाची मोठी इस्टेट होती. २ डिसेंबर १८०२ च्या संध्याकाळी तिथल्या वारसानं तिला विचारलं. मैत्रिणींचा भाऊ, पैसेवाला. ही सत्ताविशी गाठत होती. हो म्हणाली."

"मग?"

"रात्रभर जागली असणार. सकाळी उठून नाही म्हणाली, आणि बहिणीला घेऊन तिथनं निघाली."

मी पर्स खांद्यावर नीट केली. पाकिटाला काही वजन नसते; पण त्या दीड मैलात ते मला जाणवले.

"हिच्या आत्याची गोष्ट आणखी मजेची," मुलगी सांगत होती. "फिलाडेल्फिया तिचं नाव. हुंडा नाही म्हणून १७५२ साली एकटीच जहाजानं हिंदुस्थानात आली, नवरा शोधायला. जहाजाचं नाव 'बॉम्बे कॅसल'. दुसऱ्या वर्षी कडलूरला कंपनीच्या एका सर्जनशी लग्न झालं." मग माझ्याकडे तिरपे पाहत म्हणाली, "तेव्हा मुली इकडून तिकडे यायच्या. आता आया तिकडून इकडे येतात."

पोरीला पाकिटाचा सुगावा लागला होता की काय, देव जाणे.

शुक्रवारची तयारी मी अंगावर घेतली. भिशी ठेवणाऱ्या बाईला पाहुणचार शिकवावा लागत नाही, पण पुस्तकभिशीचे काही निराळे आहे. ज्यांना आपल्या घरी असा बेत करायचा असेल त्यांच्यासाठी सांगून ठेवते. माणसे सहा ते आठच असावीत. जास्त झाली की दोन तट पडतात आणि एक तट भाजीच्या भावावर बोलू लागतो. खुर्च्या गोल मांडाव्यात. मोठा दिवा मालवून वाचणाऱ्याजवळ एकच दिवा ठेवावा. मोबाइल दाराशी टोपलीत. आणि नुसती मते मांडायला बसू नये. आधी चार उतारे मोठ्याने वाचावेत. मुलीने चार निवडले होते: पहिल्या प्रकरणातले नवराबायकोचे भांडण, कॉलिन्सने एलिझाबेथला घातलेली मागणी, तिच्या मैत्रिणीने, शार्लटने, त्याच कॉलिन्सला दिलेला होकार, आणि डार्सीची पहिली मागणी. खाणे हाताने उचलता येईल असे असावे, नाहीतर काटे-चमचे वाजत राहतात.

खाण्यातही मुलीने एक गंमत केली. जेनच्या घरातल्या त्या मार्था लॉइडने एका वहीत पाककृती उतरून ठेवल्या आहेत. त्या वहीत हिंदुस्थानी पद्धतीच्या करीची कृती आहे. हळद आहे, तिखट आहे, तांदळाची पिठीसुद्धा आहे. मी ती वाचून मार्थाला मनातल्या मनात पास केले आणि गोडा मसाला टाकून कोंबडी केली. शिवाय पावाच्या भाजलेल्या तुकड्यांवर चीज, जे जेनला आवडे. आणि आपले बटाटेवडे, जे तिला आवडले असते.

सात वाजता मंडळी आली. ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या एक आजी, प्राथमिक शाळेतली एक मास्तरीण, केरळची एक नर्स, दोन तरुण मैत्रिणी, आणि रेल्वेत गार्ड असलेले एक आजोबा. आजोबांनी दारातच बूट काढले तेव्हा मला निम्मे हायसे वाटले. बाहेर पाऊस भुरभुरत होता, शेगडीत लाकडे धरली होती, वड्यांचा वास घरभर होता.

पहिला उतारा. मिस्टर बेनेट गार्ड आजोबांकडे गेले. मिसेस बेनेटसाठी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. माझे इंग्रजी बँकेपुरते आणि डॉक्टरपुरते. पण नाही कसे म्हणणार? चष्मा चढवला आणि सुरुवात केली. शेजारच्या हवेलीत श्रीमंत अविवाहित तरुण राहायला आला आहे आणि नवरा भेटायला जात नाही म्हणून त्या बाईची जी तगमग चालली आहे, ती वाचताना मला उच्चारांचे भानच राहिले नाही. पुस्तकावरून नजर न काढता आजोबा थंडपणे उत्तरे देत होते. थेट आमचे हे! मी वाचत गेले आणि मंडळी हसत गेली. शेवटी ग्रंथपाल आजी डोळे पुसत म्हणाल्या की मिसेस बेनेट इतकी हुबेहूब आजवर ऐकली नव्हती. माझी मुलगी बशीत पाहत होती आणि तिचे खांदे हलत होते.

मीही हसले. पण मनात काही तरी टोचले. मी म्हटले, "मला एक बोलायचंय." मुलीने चमकून वर पाहिले. अडखळत, मध्येच मराठी शब्दासाठी तिच्याकडे पाहत, मी बोलले ते असे:

"या बाईला तुम्ही हसता. तिला पोच नाही हे मलाही दिसतं. पण जरा हिशेब करा. इस्टेटीचं उत्पन्न वर्षाला दोन हजार पौंड, पण ती जाणार दूरच्या पुतण्याला. कारण पाचही मुलीच. बापानं शिल्लक टाकलेली नाही. आईच्या मागं एकेकीच्या वाट्याला येणार हजार पौंड. चार टक्क्यांनी व्याज वर्षाला चाळीस. घरातलं कोण या चाळीस पौंडांचा विचार करतंय? बाप ग्रंथालयात बसून विनोद करतो. त्याचे विनोद तुम्हाला आवडतात. मुलींना रात्री छप्पर कुठलं, ही काळजी एकटी ती वेडी बाई करते. तिला करता येत नाही नीट. पण करते ती एकटीच."

कोणी हसले नाही. शेगडीतले लाकूड फुटल्याचा आवाज आला. गार्ड आजोबा म्हणाले, "मी आयुष्यभर मिस्टर बेनेटच्या बाजूनं होतो. मला तीन मुली आहेत." आणि त्यांनी वडा उचलला.

शार्लटवर वाद रंगला. मास्तरीणबाईंना तिचा राग: प्रेम नाही, आदर नाही, निव्वळ घरासाठी त्या मूर्खाशी लग्न! नर्स म्हणाली, माझ्या बहिणीनं असंच लग्न केलं, तिचं काही बिघडलेलं नाही. मग मुलगी बोलली. ती एरवी हळू बोलते. त्या वेळी आणखी हळू बोलत होती.

"शार्लट सत्तावीस वर्षांची आहे. तिनं हो म्हटल्यावर तिचे भाऊ सुटकेचा निःश्वास टाकतात, हे लक्षात आहे ना? तिच्यापुढं दोनच वाटा होत्या. एक कॉलिन्स, आणि दुसरी मिस बेनसारखं पडक्या घरात राहून लोकांकडं जेवायला जाणं. मी तिला नावं ठेवणार नाही. पण मला माझा पगार आहे, दाराची किल्ली आहे. लग्न करीन किंवा करणार नाही. मला एवढंच हवंय, की मला पाहून कुणी बिचारी म्हणू नये. माझ्या माणसांनी तर नाहीच."

माझ्याकडे तिने पाहिले नाही. नंतर डार्सीची मागणी वाचली गेली, कॉफी झाली, वडे संपले, आणि दहाला मंडळी टोपलीतून आपापले मोबाइल उचलून गेली. माझे कान मात्र शेवटच्या वाक्यावर अडकले होते.

रात्री ती भांडी विसळत होती, मी पुसत होते. मी पर्स आणली आणि पाकीट ओट्यावर ठेवले.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "परवा किल्ली शोधताना दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी काढतेस ते पाहत होते."

"बघून घे. आत्ता काही सांगू नकोस. रात्रीचं उत्तर सकाळी फिरतं, हे तूच सांगितलंस."

सकाळी मी उठले तेव्हा चहा तयार होता आणि पाकीट टेबलावर होते. आतले कागद जसेच्या तसे घडी केलेले. "आई, मुलगा चांगला दिसतो. नीट वाचलं सगळं. पण नको. आणि यानंतर पाकीट आणू नकोस. तू ये, मेतकूट आण."

मला राग आला नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. मी चहा अर्धा टाकला, कोट चढवला आणि एकटीच बाहेर पडले. पावले चॉटनच्या वाटेला लागली. घराच्या पुढे थोडे चालले की चर्च लागते. त्याच्या आवारात जेनची आई आणि बहीण यांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत. दोघींचे नाव एकच, कॅसँड्रा. आई १८२७ मध्ये गेली, सत्त्याऐंशी वर्षांची होऊन. मुलगी १८४५ मध्ये. कॅसँड्राचे लग्न ठरले होते, पण नियोजित वर वेस्ट इंडीजमध्ये तापाने गेला. नंतर तिने लग्न केले नाही. आईच्या म्हातारपणात ती शेवटपर्यंत जवळ होती. धाकटी, लिहिणारी, १८१७ मध्येच एक्केचाळिसाव्या वर्षी गेली होती आणि तिला विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये पुरले होते. मार्था लॉइडने मात्र साठी उलटल्यावर १८२८ मध्ये लग्न केले, तेही जेनच्याच एका भावाशी. मी दगडापाशी बराच वेळ उभी होते. हात गार पडले तेव्हा परत फिरले. मुलगी अर्ध्या वाटेवर छत्री घेऊन समोरून येत होती. "हातमोजे विसरलीस," एवढेच म्हणाली.

रविवारी आम्ही विंचेस्टरला गेलो. कॅथीड्रलच्या उत्तरेकडच्या बाजूला जमिनीत जेनची शिळा आहे. तिच्या स्वभावाचे, मनाच्या गुणांचे वर्णन आहे. पण तिने पुस्तके लिहिली याचा उल्लेख नाही. तो करणारी पितळी पाटी भिंतीवर बसली १८७२ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर पंचावन्न वर्षांनी. घरच्यांना तिची माया कमी होती असे नाही. पण तिच्यात काय होते ते शिळेवर लिहायचे त्यांना सुचले नाही.

चॉटनचे घरही असेच कित्येक वर्षे भाडेकऱ्यांत वाटलेले होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत मुलगा पडला, त्याच्या स्मरणार्थ टी. एडवर्ड कार्पेंटर नावाच्या वकिलाने ते विकत घेतले, आणि १९४९ पासून ते लोकांना पाहायला खुले झाले.

घरी फोन करायचा होता. हे म्हणाले, "बरं." मग वर्तमानपत्राचा आवाज झाला. मग, "ती बरी आहे ना?" मी म्हटले, "छान आहे." बोलल्यावर माझ्या लक्षात आले की गेल्या तीन वर्षांत या प्रश्नाला मी प्रथमच इतके सरळ उत्तर दिले होते. त्या मुलाच्या आईला कळवणे अवघड होते, तेही कळवले. ३० मार्चला पाडवा आला. नेमके त्याच दिवशी इंग्लंडात घड्याळे तासभर पुढे करतात, त्यामुळे गुढी वेळेवर उभारली की उशिरा, यावर आमचा दोघींचा वाद झाला आणि तो आम्ही मजेत भांडलो.

पुण्याला परतल्यावर बिल्डिंगच्या बायकांपुढे पुस्तकभिशीची कल्पना मांडली. पहिली पाळी माझी, पुस्तकही तेच. आमंत्रण द्यायला मी सर्वांत आधी दुसऱ्या मजल्यावर गेले. वीस वर्षांत प्रथमच त्या घराच्या आत पाऊल टाकले. तीन भिंतींना पुस्तके होती. बाई इंग्रजीच्या शिक्षिका होत्या हे मला ठाऊकच नव्हते.

"येईन की," त्या म्हणाल्या, "पण एक अट आहे. वाचायला मला द्यायचं. तुम्ही लोक फार भरभर वाचता."

त्या आल्या. आठजणी गोल बसलो, मोठा दिवा मालवला, साबुदाण्याचे वडे केले होते. त्यांनी पहिले प्रकरण इंग्रजीत वाचले आणि अडेल तिथे मराठीत समजावले. मिसेस बेनेटला त्यांनी असा काही आवाज काढला की चौथ्या मजल्यावरच्या वहिनींना ठसका लागला. हे आतल्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. अर्ध्या तासाने खुर्ची ओढत दाराशी आले. प्रकरण संपल्यावर बाईंनी पुस्तक मिटले, चष्मा काढला आणि मला म्हणाल्या, "यातली आई मला पहिल्यापासून आवडते. तुम्हाला?"

मी वड्यांची बशी त्यांच्यापुढे केली आणि म्हटले, "मलाही आता आवडते. घ्या ना, आणखी एक घ्या."